पावडर झाकणात, पाणी बाटलीत

गेल्या आठवड्यात घोडेगावातल्याच एक आजी तापाने फणफणलेल्या नातवाला घेऊन आल्या. "डाक्टर, तीन दिस औषध पाजलं, गुण नाही." बाटली पाहिली. अमॉक्सिसिलिनची पावडर, पाणी खुणेपर्यंत घालायचे, आजींनी गळ्यापर्यंत भरलेले! म्हणजे प्रत्येक चमच्यात औषध कमी. दोष त्यांना कसा द्यावा? खूण बारीक, सूचना इंग्रजीत. चिठ्ठी माझीच, सांगायला मीच विसरलो.

हे औषध पाण्यात फार दिवस टिकत नाही, म्हणून पावडर कोरडी मिळते. काही कंपन्या खोक्यात मोजलेले पाणीही देतात. ओतताना तेही सांडते. खरा उपाय झाकणात आहे. पावडर झाकणातल्या कप्प्यात, मोजलेले पाणी बाटलीत. झाकण पिरगाळले की पडदा फाटून पावडर खाली. काही पेयांसाठी अशी झाकणे निघालीही आहेत. कप्प्यात ओल शिरता कामा नये, त्यामुळे ते महाग पडेल. पडू द्या, सुरुवात लहान मुलांच्या औषधांपासून करावी.

तोवर औषध दुकानदाराकडूनच कालवून घ्या. घरी करायचे तर पाणी उकळून गार केलेले हवे. आधी थोडे घालून बाटली हलवा, फेस बसला की खुणेपर्यंत भरा. तारीख बाटलीवर लिहा. लेबलावरचे दिवस, बहुधा 7, संपले की उरलेले ओतून द्या.