रक्त सांडलं म्हणजे शोकांतिका होत नाही

इवाफुने स्टेशनावर रात्र झाली आहे. बर्फामुळे ताकाकीची गाडी कित्येक तास रखडली. तो पोहोचतो तेव्हा प्रतीक्षालयात अकारी एकटीच बसलेली असते. त्याला पाहताच ती त्याचा कोट घट्ट धरते आणि तिचे अश्रू ओघळू लागतात. मग ती स्वतःच्या हातचा डबा उघडते.

माकोतो शिंकाईच्या २००७ सालच्या ‘फाइव्ह सेंटीमीटर्स पर सेकंड’मध्ये यानंतर कुणी मरत नाही. त्या दोघांची पत्रं विरळ होत जातात, एवढंच. तरीही तासाभराचा हा चित्रपट काळजात रुतून बसतो.

त्याच वर्षी जपानी वाहिन्यांवर ‘स्कूल डेज’ ही अ‍ॅनिमे मालिका आली. माकोतो नावाचा मुलगा कोतोनोहाला सोडून सेकाईकडे, मग तिसरीकडे. कोतोनोहाचा वर्गात छळ होतो, तिच्यावर अत्याचार होतो. शेवटी सेकाई माकोतोला भोसकते, कोतोनोहा सेकाईला मारते. क्योतोमधल्या एका खुनाच्या बातमीमुळे एका वाहिनीला हा शेवटचा भाग ऐनवेळी थांबवून निसर्गदृश्यं दाखवावी लागली होती.

बेइमानीची फळं दाखवली, असं समर्थन केलं जातं. ते पटत नाही. माकोतोला पश्चात्ताप होतो तो फार उशिरा आणि कोतोनोहाचं दुःख समजून घेण्याऐवजी कथा तिला आणखी चिरडत राहते. प्रेक्षक हादरतो, पण कुणासाठी रडावं हेच त्याला कळत नाही. प्रेमकथेत ही फसवणूक आहे.

ज्यांनी फक्त ‘स्कूल डेज’ पाहिली, त्यांनी एकदा इवाफुनेची ती रात्र जरूर पाहावी.