तूप एकटे पोटात जात नाही

वरणभातावर तुपाची धार सोडताना हात आखडायचा आणि त्याच भाताची दुसरी मूद मात्र निःशंकपणे वाढून घ्यायची, हे दृश्य मराठी घरांत आता नेहमीचे झाले आहे. दुपारच्या चहाबरोबर खारी खाताना तर हात आखडण्याचा प्रश्नच येत नाही, कारण खारीतला डालडा दिसत नाही. या वागण्यामागे एक साधे गृहीतक आहे: तोंडातून गेलेली चरबी तशीच्या तशी पोटावर जाऊन बसते. पटण्यासारखेच आहे ते. वाटीत तूप थिजलेले दिसते, आरशात पोट सुटलेले दिसते, मग दोहोंचे नाते जुळवायला कितीसा वेळ लागणार? पण शरीराचा कारभार असा चालत नाही. आलेल्या तुपातेलाचे काय करायचे हे शरीर ठरवते ते त्याच्यासोबत आणखी काय आले, किती आले आणि जेवणारा नंतर कामाला लागला की बसून राहिला, यावरून. तुपावर खटला भरायचाच असेल तर अख्ख्या ताटाला सहआरोपी करावे लागेल.

तेलकट कढई नुसत्या पाण्याखाली धरली तर काय होते हे भांडी घासणाऱ्याला ठाऊक असते. पाणी ओघळून जाते, तेल जागचे हलत नाही. आतड्यापुढेही हीच अडचण असते, कारण पाचकरस सगळे पाण्यातले. जठरात थोडेफार काम उरकते, पण तेलाचा अंश लहान आतड्यात पोहोचला की तिथली भिंत रक्तात एक संप्रेरक सोडते. त्याने पित्ताशय आवळले जाते, स्वादुपिंड कामाला लागते आणि जठराला सबुरीचा निरोप जातो. तुपाचे जेवण पोटात बराच वेळ राहते ते यामुळे. पित्तातले क्षार साबणासारखे वागतात, तेलाचे अगदी बारीक थेंब करतात आणि त्या थेंबांवर स्वादुपिंडातले लायपेज हे एन्झाइम तुटून पडते. आपण खातो ते तेलतूप म्हणजे बहुतांशी ट्रायग्लिसराइड, म्हणजे ग्लिसरॉलला चिकटलेली तीन मेदाम्ले. त्यांतली दोन लायपेज सोडवते, सुटे भाग आतड्याच्या पेशींत शिरतात आणि, गंमत अशी की, आत गेल्यावर पुन्हा जोडले जातात. प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेले हे नवे थेंब इतर अन्नासारखे थेट यकृताकडे जात नाहीत. लसीकावाहिन्यांच्या आडवाटेने ते छातीतून वर चढतात आणि डाव्या बाजूला मानेच्या मुळाशी रक्तात उतरतात. या आडवाटेची सुरुवात पहिल्यांदा नीट पाहिली ती गास्पारे असेल्ली या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने, १६२२ मध्ये. नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात त्यांना पांढरे धागे दिसले; आधी ते मज्जातंतू वाटले, पण टोचल्यावर त्यांतून दुधासारखा द्रव आला. उपाशी कुत्र्यात ते धागे दिसेनात.

हे थेंब रक्तात आले म्हणजे पोटावर बसले, असे नाही. केशवाहिन्यांच्या भिंतीवरचे आणखी एक एन्झाइम ते फोडते आणि मेदाम्ले शेजारच्या पेशींच्या हवाली करते. शेजार स्नायूचा असेल तर इंधन, मेदपेशींचा असेल तर साठवण. कोणत्या शेजाऱ्याला किती द्यायचे, याची सूत्रे बऱ्याच अंशी इन्सुलिनच्या हातात असतात. भात, पोळी, साखर पोटात जाऊन इन्सुलिन वाढले की मेदपेशींचे दार उघडते आणि आधी साठवलेले बाहेर काढणे थांबते. शरीर तेव्हा हातातली साखर आधी जाळते. उलट राबणारा स्नायू आपला वाटा मागून घेतो. म्हणून दिवसभर शेतात खपणाऱ्याच्या आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या पोटात गेलेल्या एकाच मापाच्या तुपाचे पुढचे नशीब वेगवेगळे. शिवाय गरजेपेक्षा जास्त आलेल्या पिष्टातून आणि साखरेतून यकृत स्वतःच चरबी तयार करून रक्तात सोडते. तूप सोडूनही रिपोर्टात ट्रायग्लिसराइड चढलेले का, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा इथे असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या इंडियाब पाहणीचे आकडे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले सुमारे १४ टक्के, ट्रायग्लिसराइड जास्त असलेले सुमारे ३० टक्के आणि ‘चांगले’ म्हटले जाणारे एचडीएल कमी असलेले तब्बल ७२ टक्के. यात आनुवंशिकतेचा भाग आहेच, पण ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली ही जोडी पिष्टाने भरलेल्या ताटाची आणि बैठ्या दिवसाची ओळखीची खूण आहे.

यावर पहिला आक्षेप उष्मांकांचा. एक ग्रॅम चरबीत ९ किलोकॅलरी, पिष्टात किंवा प्रथिनांत ४, मग तूप कमी केलेलेच बरे ना? हिशेब बरोबर आहे. वाढीव ऊर्जा कुठून का येईना, ती साठणारच, आणि सर्वांत कमी कष्टात साठते ती चरबीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तुपातली निम्म्याहून जास्त मेदाम्ले संपृक्त असतात आणि संपृक्त मेदाम्लांनी ‘वाईट’ म्हटले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते, हे अनेक प्रयोगांतून सिद्ध झालेले आहे. समाजमाध्यमांवर तुपाला अमृत ठरवणाऱ्यांनी हे दडपून चालणार नाही. ‘आजोबा वाटीभर तूप प्यायचे आणि नव्वदी गाठली’ हा पुरावा नव्हे. जे आजोबा साठीतच गेले, त्यांची गोष्ट सांगायला कोणी बसत नाही. पण एलडीएलचा प्रश्नही ताटापासून वेगळा काढता येत नाही. पित्ताचे क्षार यकृत कोलेस्टेरॉलपासूनच बनवते. काम झाले की त्यांतले ९५ टक्क्यांच्या आसपास आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषले जातात आणि पुन्हा वापरले जातात. इतके काटकसरी खाते शरीरात दुसरे क्वचितच सापडेल. ताटात डाळ, उसळ, भाज्या असतील तर त्यांतला विरघळणारा चोथा काही क्षारांना अडवून बाहेर नेतो. तूट भरून काढायला यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढावे लागते. मटकीच्या उसळीबरोबर आलेले तेल आणि मैद्याच्या पापुद्र्यांतून आलेले वनस्पती तूप यांना एकाच पारड्यात तोलता येत नाही, ते यासाठीही.

मग तेलतूप पूर्णच टाकले तर? ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ या म्हणीतले दुसरे टोक आज आरोग्याच्या नावाखाली मिरवते आहे: बिनतेलाची भाजी, उकडलेले सगळे. ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वे आणि पालेभाज्यांतले कॅरोटीन पित्ताने बनवलेल्या त्याच बारीक थेंबांवर बसून आतड्यात शिरतात. वाहनच नसेल तर माठाची भाजी पोटातून नुसती फिरून बाहेर पडेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९८० मध्ये लहान मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी कमी स्निग्धांशाच्या जेवणातल्या पालेभाजीला ५ ग्रॅम तेलाची जोड दिली तेव्हा मुलांच्या रक्तातले ‘ए’ जीवनसत्त्व सुधारले; ५ चे १० ग्रॅम केल्यावर जास्तीचे काही पदरात पडले नाही. ५ ग्रॅम म्हणजे एक लहान चमचा, म्हणजे माणशी एक बेताची फोडणी.

बेताची, कारण खरी गडबड तिथेच होते. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात माणशी वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल लागते. आयसीएमआरची शिफारस १२ किलोच्या आसपास आहे. चौघांच्या कुटुंबाला पहिल्या हिशेबाने महिन्याला साडेसहा किलो तेल होते. ‘आमच्याकडे एवढे येतच नाही, तीन-चार किलो पुरते,’ असे कितीतरी गृहिणी खरेपणाने सांगतील. उरलेले तेल किराणामालाच्या यादीत नसते. ते वडापावात, फरसाणाच्या पुड्यात, बिस्किटांत, हॉटेलातल्या भाजीच्या तवंगात असते आणि बहुतेक वेळा मैदा, बटाटा किंवा साखर यांच्या सोबतीने येते. आणि घरच्या तेलाच्या पिशवीवर? ‘कोलेस्टेरॉलमुक्त’. वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल नावापुरतेही नसते, त्यामुळे विधान खोटे नाही. मीठ साखरमुक्त आहे म्हणण्याइतकेच ते खरे आहे. त्या जागी ‘चौघांना महिनाभर, बाहेरचे खाणे धरून, अशा चारच पिशव्या’ असे छापले, तर ती पिशवी विकत घेणाऱ्याच्या काही उपयोगाला येईल.