यंत्र निवडताना एक गणित सोडवून पाहा

नवी तुकडी आली की आयबीच्या गणित शिक्षकांना पालक हमखास विचारतात, कोणता ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यायचा? माहितीपत्रकं समोर ठेवली की तुलना मेमरी, रंगीत पडदा आणि पायथनपाशीच अडकते. आमचा आग्रह आहे, की त्याऐवजी प्रत्येक यंत्रावर एकच गणित सोडवून पाहावं.

२ चा क्षवा घात क्षच्या वर्गाइतका कधी होतो? उकली तीन: २, ४ आणि सुमारे उणे ०.७६७. टीआय-८४ प्लसवर दोन्ही आलेख काढून ‘झूम स्टँडर्ड’ घेतलं, की दोन्ही अक्ष उणे १० ते १० एवढेच दिसतात. (४, १६) हा छेदनबिंदू पडद्याच्या वर राहतो. विद्यार्थी ‘इंटरसेक्ट’ निवडतो, पहिला आलेख, दुसरा आलेख, अंदाज असं तीनदा एंटर दाबतो, दुसऱ्या बिंदूसाठी पुन्हा तेच करतो आणि दोन उकली लिहून मोकळा होतो. कॅसिओच्या एफएक्स-सीजी ५० वर ‘जी-सॉल्व्ह’मध्ये उजवा बाण दाबला की पुढचा छेदनबिंदू येतो, कळा निम्म्याने वाचतात. पण शोध तोही दिसणाऱ्या चौकटीतच घेतो. चौकट केवढी घ्यायची, हे शिकवणं कोणत्याही यंत्रावर आपल्याकडेच राहतं.

टीआयवरची आणखी एक अडचण नवख्यांना फार छळते. वजाबाकीची कळ वेगळी, ऋण चिन्हाची वेगळी. उणे ३ अधिक ५ करताना सुरुवातीलाच वजाबाकीची कळ दाबली, तर यंत्र तक्रार करत नाही; आधीच्या उत्तरातूनच ३ वजा करतं. चूक दाखवणाऱ्या यंत्रापेक्षा असं गप्प राहणारं यंत्र परीक्षेत जास्त महाग पडतं. तरीही टीआय-८४ ची बाजू भक्कम आहे: १९९६ च्या टीआय-८३ पासून कळांची मांडणी फारशी बदललेली नाही, त्यामुळे जुनी टिपणं आजही चालतात.

एचपी प्राइम २०१३ मध्ये आला. ताकद आणि वेग यांत तो आम्हाला सगळ्यांत आवडतो. पण वर्गासाठी आम्ही तो सुचवणार नाही. त्याचे होम आणि कॅस (बैजिक राशींवर काम करणारी प्रणाली) हे दोन पडदे वेगळे वागतात. कॅपिटल एक्समध्ये संख्या साठवलेली असते, स्मॉल एक्स हा बीजगणितातला चल. अकरावीच्या मुलाने हा फरक सांभाळत बसावं कशाला? शिवाय सध्याच्या नियमांनुसार आयबीच्या परीक्षेत कॅस चालत नाही. म्हणजे पैसे मोजून घेतलेली सोय परीक्षेत बंदच ठेवायची.

मिश्र कुवतीच्या वर्गासाठी आमचा कौल सीजी ५० ला. शिक्षकाचा हात टीआयवर बसलेला असेल, तर मात्र टीआयच घ्यावा. वर्गात मॉडेल एकच असावं, ही अट आम्हाला याहून महत्त्वाची वाटते. यंत्र कधी घ्यायचं, हे अभ्यासक्रमावर ठरतं: आयबी गणिताच्या ‘अ‍ॅनॅलिसिस अँड अ‍ॅप्रोचेस’च्या पहिल्या पेपरला कॅल्क्युलेटर नसतो, ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’च्या प्रत्येक पेपरला लागतो. निदान त्या मुलांच्या हातात यंत्र पहिल्याच महिन्यात पडावं.