शब्दांच्या घरी : बहिष्कार

बालमित्रांनो,

विज्ञानाच्या पुस्तकातलं 'बहिर्गोल भिंग' तुम्हांला ठाऊक आहे ना? बाहेरच्या बाजूला फुगीर, म्हणून बहिर्गोल. आजच्या शब्दातही तोच संस्कृत 'बहिः' आहे. बहिः म्हणजे बाहेर. त्याला 'कार' म्हणजे करणे जोडलं, की विसर्गाचा होतो पोटफोड्या ष. निः + कपट = निष्कपट, तसंच बहिः + कार = बहिष्कार. अर्थ सरळ : बाहेर काढणे.

पण कुणी, कुणाला बाहेर काढायचं?

१९०५ मध्ये इंग्रज सरकारनं बंगालची फाळणी केली. तेव्हा लोकांनी विलायती कापड घेणं सोडलं. लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाबरोबर बहिष्कारही होता. इथं साध्या माणसांनी बलाढ्य सरकारला अडवलं.

'वाळीत टाकणे' हाही बहिष्कारच, पण अगदी उलटा. त्या घराशी बोलायचं नाही, पाणी द्यायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही. सगळं गाव एका घरावर उठतं! आईवडिलांना वाळीत टाकल्यामुळे ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांनी काय काय सोसलं, ती कथा तुम्ही ऐकली असेलच. त्या लेकरांचा काय अपराध?

आणि ज्यांना पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवलं, पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्यांचं दुःख मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये पाक्षिक काढलं. नाव ठेवलं 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत म्हणजे ज्याला बाहेर काढलंय तो.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. कुणाला वाळीत टाकलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वर्गात मात्र पोलीस येत नाहीत. 'हिच्याशी कुणी बोलायचं नाही हं!' असं ठरतं आणि मधल्या सुट्टीत एकीला कोपऱ्यात एकटीनं डबा खावा लागतो. दोघींची कट्टी झाली, तर संध्याकाळपर्यंत बट्टी होते. पण सगळा वर्गच गप्प झाला, तर तिनं बट्टी घ्यायला जायचं कुणाकडे? अशा वेळी तुमच्यापैकी एकानं जरी आपला डबा घेऊन तिच्याजवळ जाऊन बसायचं. मग बघा, दुसरं कुणीतरी येतंच!

जाता जाता : 'बहिर्'नं सुरू होणारे आणखी दोन शब्द शोधा बरं. अडलात, तर आईबाबांना विचारा.

तुमच्या बाई