एकटा म्हणजे मोकाट नव्हे

आयर्लंडमध्ये काही वर्षं काढून आलेल्या मराठी माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, तिथे सारखा पाऊस असतो का हो? (असतो. पुढचा प्रश्न.) दुसरा, ते समुद्राकाठचे उंच कडे बघितले का, आणि कोणाबरोबर गेला होतात? यावर "एकटाच गेलो होतो" म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरा पडतो. एकट्याने सिनेमा बघणं, एकट्याने हॉटेलात जेवणं आणि एकट्याने फिरायला जाणं ही आपल्याकडे अजूनही बिचारेपणाची लक्षणं मानली जातात.

माझं मत बरोबर उलटं आहे. क्लेअर काउंटीचा तो किनारा एका दिवसात बघायचा असेल तर एकट्यानेच बघावा. पण त्याला जोडून माझं दुसरंही एक मत आहे, आणि ते एकट्याने भटकणाऱ्या मंडळींना फारसं आवडणार नाही. तर आधी गोड, मग कडू.

मोहरचे कडे बघण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे डब्लिनहून टूरची बस. सकाळी सातच्या सुमारास बसायचं, संध्याकाळ उलटून गेल्यावर उतरायचं. या बारा-तेरा तासांत प्रत्यक्ष कड्यावर मिळतात जेमतेम दीड-दोन तास. उरलेला वेळ खिडकी, गाइडचे विनोद आणि "पाच मिनिटांत परत या" असे फोटोचे थांबे. ज्याच्याकडे एकच दिवस आहे, गुडघे दुखतायत किंवा बरोबर लहान मुलं आहेत, त्याने खुशाल या बसने जावं, त्यात कमीपणा काही नाही. पण धडधाकट माणसाने असं जाणं म्हणजे आंब्याच्या पेटीचा फोटो बघून रस प्यायल्याचं समाधान मानणं!

मी गेलो ते २०१९च्या सप्टेंबरात. शुक्रवारी रात्री रेल्वेने गॉलवे गाठलं आणि शनिवारी सकाळी ३५० नंबरची साधी सरकारी बस पकडली. ही बस बरेनच्या माळावरून जाते. बरेन म्हणजे मैलोन् मैल करड्या चुनखडीची उघडी फरशी. पाऊस पडला की पाणी भेगांतून खाली गडप, वर फारसं काही उगवत नाही असं वाटतं, आणि मग भेगेत डोकावलं की आत नाजूक फुलझाडं दिसतात. बस डूलिनला सोडते. डूलिनच्या आसपासच ही चुनखडी संपते आणि दक्षिणेला वेगळाच दगड सुरू होतो. कड्यांची वाट तिथूनच निघते. मोहरच्या पर्यटक केंद्रापर्यंत साधारण ८ किलोमीटर आणि पुढे हॅग्ज हेडवरून लिस्कॅनरपर्यंत गेलात तर सगळी मिळून २० किलोमीटरच्या आसपास.

एकट्याने चालण्यातली मजा इथे कळते. डूलिनला कडा असा नसतोच. डावीकडे गवत, गाई, दगडी बांध. उजवीकडे समुद्र, तोही घरासमोरच्या अंगणाइतका खाली. मग चालता चालता जमीन हळूहळू वर चढते आणि समुद्र खाली खाली जात राहतो. ओब्रायनच्या बुरुजाशी पोचेपर्यंत तो २१४ मीटर खाली गेलेला असतो. (हा बुरुज कॉर्नेलियस ओब्रायन नावाच्या तिथल्या जमीनदाराने १८३५ साली बांधला.) टूरवाल्याला थेट २१४ मीटर दाखवतात. चालणाऱ्याला ते २१४ मीटर कमवावे लागतात. बरोबर कोणी असतं तर गप्पांच्या नादात हे चढणं कळलंच नसतं. एकटा होतो म्हणून पक्ष्यांचा कलकलाट आधी ऐकू आला आणि पक्षी मागून दिसले. ऊन पडलं की समोर अरन बेटं उमटायची, सर आली की पुसली जायची. मी तीन तासांच्या वाटेला साडेचार तास लावले आणि कोणी घड्याळ दाखवलं नाही.

इथपर्यंत गोड. आता कडू.

आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं. कोकणकड्याच्या टोकाला पोटावर झोपून खाली डोकावणं हा आपल्या ट्रेकर मंडळींचा जवळजवळ संस्कार आहे. तो संस्कार क्लेअरमध्ये घेऊन जाऊ नका. सह्याद्री बसाल्टचा, लाव्हारसाच्या जाडजूड थरांचा. तोही ढासळतो, पण त्याची जात कणखर. मोहरचा कडा म्हणजे सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी एका मोठ्या नदीने समुद्रात आणून टाकलेला गाळ. वाळूचा दगड, त्याखाली चिखलाचा ठिसूळ थर, परत वाळू, परत चिखल... घरी केलेल्या खारीसारखे पापुद्रे. लाटा, पाऊस आणि वारा यांतला मऊ थर आधी खातात आणि वरचा थर अधांतरी राहतो. म्हणजे तुम्ही ज्या हिरव्यागार गवतावर उभे आहात त्याच्या खाली काय आहे, हे वरून कळायची सोय नाही. बाजूला जाऊन वळणावरून मागे बघितलं की कळतं, की मघाशी एक पोरगा हात पसरून जिथे फोटो काढून घेत होता तिथे खाली काहीच नाही!

तरीही लोक जातात. पर्यटक केंद्राजवळ लिस्कॅनरच्या मोठमोठ्या फरश्या उभ्या करून भिंत केली आहे. (या फरश्यांवर वळवळत्या रेघा दिसतात. त्या समुद्राच्या तळाशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खुणा आहेत. फोटो काढायचाच तर त्यांचा काढा.) ती भिंत ओलांडून पलीकडे जाणारे मी एका तासात दोन हातांच्या बोटांवर मावणार नाहीत इतके बघितले. त्यातले बरेचसे एकटे. का, तर बरोबर "अरे मागे ये, गाढवा" म्हणणारं कोणी नसतं. एकट्या माणसाचं सगळ्यात मोठं सुख हेच त्याचं सगळ्यात मोठं संकट असतं.

"माझा जीव, मी बघून घेईन" हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. मला तो पटत नाही, आणि त्याची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण, ती वाट तुमच्या बापाची नाही आणि सरकारचीही नाही. आयर्लंडमध्ये स्कॉटलंडसारखा मोकळ्या रानात कुठेही हिंडण्याचा सरसकट हक्क नाही. मोहरची वाट बऱ्याच अंतरापर्यंत शेतकऱ्यांच्या खाजगी कुरणांतून जाते. त्यांनी "या, चाला" म्हटलं म्हणून आपण चालतो. आता त्या शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. आपल्या शेतात कोणी परका पडला तर कोर्टकचेरी होईल का, ही भीती त्याला असणारच. ती अगदीच हवेतली नाही. विकलो वेच्या डोंगरवाटेवर लाकडी फळीत पाय अडकून पडलेल्या एका बाईंना २०१६ साली कोर्टाने ४० हजार युरो भरपाई दिली होती. पुढच्याच वर्षी हायकोर्टाने तो निकाल फिरवला, पण दरम्यान देशभरच्या जमीनमालकांच्या पोटात गोळा यायचा तो आलाच. मोकाट हा शब्द आपण गुरांसाठी वापरतो. इथे गुरं निमूट कुंपणाच्या आत चरत असतात आणि कुंपण ओलांडून मोकाट सुटतो तो माणूस.

२०२४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोन जण त्या कड्यांवरून पडून गेले. त्यातला एक तर १२ वर्षांचा मुलगा होता. त्यानंतर क्लेअर काउंटी कौन्सिलने वाटेचे मोठे भाग बंद केले. बातमी वाचली तेव्हा मला वाईट वाटलं आणि रागही आला. दगावलेल्यांचा राग नाही, कारण ते कसे पडले ते मला माहीत नाही आणि शहाणपणा शिकवायची ती जागाही नाही. राग त्या भिंतीपलीकडच्या फोटोवाल्यांचा. जी वाट गावकऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी खपून उभी केली, ती टिकणार की नाही हे त्यांच्यासारख्यांच्या वागण्यावरही ठरतं.

दुसरं कारण जास्त जड आहे. तुम्ही पडलात तर "मी बघून घेईन" म्हणायला तुम्ही जागेवर नसता. दुसरं कोणीतरी बघून घेतं. डूलिनला आयरिश कोस्ट गार्डची तुकडी आहे, आणि त्या तुकडीतली माणसं पगारी नोकर नाहीत, स्वयंसेवक आहेत. आपापली नोकरी-धंदा करणारी आजूबाजूच्या गावांतली माणसं. फोन वाजला की हातातलं काम टाकून दोर आणि बोटी घेऊन निघतात. १२ सप्टेंबर २०१६ रोजी याच तुकडीतल्या कॅट्रिओना ल्यूकस किल्कीजवळच्या समुद्रात एका बेपत्ता माणसाचा शोध घ्यायला गेल्या होत्या. त्यांची बोट उलटली आणि त्या वाचल्या नाहीत. कामगिरीवर असताना जीव गेलेल्या त्या आयरिश कोस्ट गार्डच्या पहिल्या स्वयंसेविका. एरवी त्या ग्रंथपाल होत्या.

हे वाचल्यापासून "माझा जीव, माझी मर्जी" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. आपण एकटे जातो म्हणजे बरोबर कोणाला नेत नाही इतकंच. आपल्यामागे यावं लागणारी माणसं असतातच. फक्त आपल्याला त्यांची नावं माहीत नसतात.

मग जाऊच नये का? छे! जरूर जा, आणि एकटेच जा. फक्त थोडी शिस्त पाळा. वाटेचा कुठला भाग खुला आहे ते निघायच्या आधल्या दिवशी बघा, कारण ते बदलत असतं. बंद म्हणजे बंद, "जरा पुढे जाऊन बघतो" नाही. आयरिश हवामानखात्याने वाऱ्याचा इशारा दिला असेल तर गॉलवेतच कॉफी प्या. मुक्कामाच्या ठिकाणी कोणाला तरी सांगून निघा, की या बसने जातोय, त्या बसने परतेन. परतीच्या शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण चुकली तर पुढची उद्या. बुटांना तळवा चांगला हवा, ओलं गवत साबणासारखं असतं. आणि कोणी संकटात दिसलं तर स्वतः खाली उतरायचा पराक्रम न करता ११२ लावून कोस्ट गार्ड मागा.

फोटोचं म्हणाल तर माझ्याकडे कड्यांचे पन्नासेक फोटो आहेत, आणि त्यातल्या एकातही मी नाही. घरी आल्यावर आईची पहिली तक्रार तीच. तिला म्हटलं, आई, फोटो मी काढलेत, म्हणजे मी कड्याच्या अलीकडे होतो. मग ती काही बोलली नाही.