कोठार धान्याचे, तसे खनिजांचेही!

नांदगाव तालुक्यात राष्ट्राच्या दोन मोठ्या साठवणी आहेत. मनमाडला भारतीय अन्न महामंडळाची गोदामे आणि जवळच पानेवाडीला तेलकंपन्यांचे इंधनसाठे. एरवी या कोठारांकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्यांचे मोल कळले ते करोनाच्या महामारीत.

२५ मार्च २०२० पासून देशात टाळेबंदी लागू झाली आणि त्यानंतर ८० कोटी देशबांधवांना मोफत धान्य देता आले. एकेकाळी अमेरिकन गव्हाच्या जहाजांची वाट पाहण्याची मानहानी या देशाने सोसली होती. त्याच काळात, १९६५ साली, अन्न महामंडळ स्थापन झाले. पुढे शेतकऱ्याच्या घामाने ही कोठारे भरली. तेलाच्या बाबतीतही हीच दूरदृष्टी कामी आली. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत जगात तेलाचे भाव कोसळताच विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथील भूमिगत भांडारे आपण स्वस्त तेलाने भरून घेतली.

मग खनिजांचे काय?

त्याच मार्च महिन्यात दक्षिण आफ्रिकेने टाळेबंदी पुकारली. तेथील बहुतेक खाणी थंडावल्या आणि दरबान बंदरातून बाहेर पडणारा काँगोचा कोबाल्टही अडकला. पेरूतील तांब्याच्या खाणींची गतही तीच झाली. आपल्याकडे विदर्भातील कोळसा खाणी मात्र सुरू राहिल्या, म्हणून घरोघरी दिवे लागले. त्याची किंमत खाणकामगारांनी मोजली. कोल इंडियाचे शेकडो कर्मचारी महामारीत दगावले. जे आपल्या भूमीत होते, ते आपल्या माणसांनी प्राण पणाला लावून बाहेर काढले. जे परक्याच्या हाती होते, त्यासाठी प्रतीक्षेवाचून उपाय नव्हता.

औषधांच्या कच्च्या मालाबाबत सरकारने हा धडा लगेच घेतला. चीनवरील अवलंबन कमी करण्यासाठी २०२० मध्येच ६,९४० कोटी रुपयांची योजना आखली गेली. खनिजांच्या बाबतीत मात्र जाग उशिरा आली. अत्यावश्यक अशा ३० खनिजांची यादी २०२३ मध्ये निघाली आणि राष्ट्रीय अभियानाला मंजुरी मिळाली ती जानेवारी २०२५ मध्ये. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि आपले वाहन उद्योग धास्तावले. या वेळी कोणताही विषाणू नव्हता. महामारीने जे अजाणता केले, ते शत्रुबुद्धीचा शेजारी जाणूनबुजून करू शकतो, हाच याचा अर्थ!

अभियानाचे आम्ही स्वागत करतो, परंतु घोषणेने खाण खोदली जात नाही. जम्मूतील रियासीच्या लिथियम साठ्याचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात पुरेसे बोलीदार न आल्याने २०२४ मध्ये तो लिलाव रद्द करावा लागला. साठ्याचा पूर्ण शोध लागलेला नसताना आणि धातू वेगळा करण्याचे तंत्र हाती नसताना खासगी उद्योजक पैसा कसा गुंतवील? भूगर्भाचा शोध आणि शुद्धीकरणाचे तंत्र हा भार आरंभी शासनालाच उचलावा लागेल. भारतीय खाण ब्यूरो व मिनरल एक्सप्लोरेशन अँड कन्सल्टन्सी लिमिटेड या दोन्ही संस्थांची मुख्यालये आपल्या नागपुरात आहेत. त्यांना मनुष्यबळ आणि मुभा द्यावी. अभियानात खनिज साठवणुकीची तरतूद आहे, ती कागदावर राहू नये. कोणते खनिज किती महिने पुरेल एवढे आपल्या कोठारात आहे, हे दरवर्षी संसदेला सांगितले जावे. आणि खाणपट्ट्यातील वनवासी बांधवाचा विश्वास गमावून ही सुरक्षा कधीच उभी राहणार नाही, याचेही भान असावे.

कौटिल्याने राज्यव्यवस्थेत आकराध्यक्ष, म्हणजे खाणींचा स्वतंत्र अधिकारी, नेमण्यास सांगितले ते उगाच नव्हे. समाजाचेही यात कर्तव्य आहे. कपाटात पडून असलेले जुने भ्रमणध्वनी आणि निकामी बॅटऱ्या यांतही तांबे, कोबाल्ट, लिथियम आहे. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीतून ते गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांकडे पोहोचवावे. स्वदेशी म्हणजे केवळ विदेशी वस्तूंवर बहिष्कार नव्हे. आपल्या हाती असलेले वाया न घालवणे हीही स्वदेशीच आहे.

पुढचे संकट कोणत्या रूपात येईल, कोणी सांगावे? ते येईल तेव्हा मनमाडच्या गोदामांत धान्य असेलच. त्या दिवशी देशाची खनिजांची कोठारेही भरलेली असावीत, यासाठी आजच कामाला लागले पाहिजे.