कीबोर्डची रंगपंचमी

ऑफिस नाही, बॉस नाही. फ्रीलान्सरची सगळी इस्टेट म्हणजे एक कीबोर्ड. माझा होता मळकट क्रीम रंगाचा. निळ्या कीजचा नवा सेट बघितला, तर त्या पैशांत महिन्याचा किराणा आला असता! म्हटलं, आपणच रंगवू.

कपड्यांचा नेहमीचा रंग इथे चालत नाही. पॉलिएस्टरसाठीचा ‘डिस्पर्स डाय’ लागतो, आणि पाणी उकळीच्या जरा खाली, ९० अंशांच्या आसपास. शिवाय कीज ‘पीबीटी’ प्लास्टिकच्या हव्यात. ते पॉलिएस्टरचंच भावंड. ‘एबीएस’ एवढ्या गरम पाण्यात वाकू शकतं. ओळखायचं कसं? मिठाच्या दाट पाण्यात एबीएस तरंगतं, पीबीटी बुडतं. मी ‘क्यू’ टाकून बघितला. बुडाला. पास!

जुन्या पातेल्यात (यात पुन्हा आमटी होणार नाही, हे रूममेटनं तीनदा वदवून घेतलं) सगळ्या कीज सोडल्या. मधूनमधून एक काढून बघत होते, कारण फिक्याचा गडद होतो, गडदचा फिका नाही. दहा मिनिटांत झक्कास निळा! काळी अक्षरं त्यात जरा हरवली, पण ठीक आहे.

शेवटी स्पेसबार बाहेर काढला. केळ्यासारखा वाकलेला! बऱ्याच पीबीटी सेटमध्ये तेवढा स्पेसबार एबीएसचा असतो, कारण इतका लांब तुकडा पीबीटीत सरळ बनवणं अवघड जातं. हे मला नंतर कळलं.

आणि कॉपी सहाला द्यायची होती. हा कॉलम स्पेसबारखालचं उघडं बटण अंगठ्यानं दाबत लिहिलाय. कुठे दोन शब्द चिकटले असतील, तर प्लीज समजूनघ्या.